स्नेहसंमेलन शुल्क : ५० रुपये

माझ्या फीच्या पावतीवर सतरा ओळी होत्या. ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, वार्षिकांक, युवक महोत्सव, अश्वमेध, विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन आणि असंच बरंच काही. बी.ए.ची पहिली दोन वर्षं मी ती पावती कधी वाचली नाही. घडी करून कागदपत्रांच्या पिशवीत टाकायची आणि विसरायची. तिसऱ्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, ती वाचली ते रांगेत माझ्या पुढं उभ्या असलेल्या मैत्रिणीमुळं. ती तांड्यावरची, बंजारा. शिष्यवृत्तीवाल्यांची शिकवणी फी परस्पर सुटते, पण 'इतर शुल्क' आमच्याकडं खिडकीवर रोख भरावं लागतं. तिला नेमके पन्नास रुपये कमी पडत होते. मी दिले. पावती हातात आल्यावर ती बोट लावून एकेक ओळ वाचत खाली गेली आणि एका ओळीवर थांबली.

"स्नेहसंमेलन, पन्नास. तुझे पन्नास यातच गेले बघ," ती म्हणाली. "आन् मी तर गॅदरिंग अजून बघितलंच नाही. दोन वर्षं झाले नुसते पैसे भरायलेय."

कारण साधं होतं. आमचा तालुका नांदेड जिल्ह्यातला, तेलंगणाच्या हद्दीला लागून. तिच्या तांड्याच्या फाट्यावर थांबणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते. गॅदरिंगचं उद्घाटन पाहुणे येतील तेव्हा, म्हणजे सहाच्या पुढं. मग भाषणं, मग डान्स, दहा वाजता बक्षिसं. गावातली पोरं हे सगळं बघतात. खेड्यांवरून, तांड्यांवरून येणाऱ्या पोरी मंडप बांधताना बघतात आणि बसस्टँडकडं पळतात.

आणखी एक गोष्ट तिनं त्या दिवशी नाही, महिनाभरानं सांगितली. पहिल्या वर्षी आमच्या ग्रुपनं गॅदरिंगला बंजारा डान्स बसवला होता. नांदेडहून आरशांचे ड्रेस भाड्यानं आणले होते. मी दुसऱ्या रांगेत होते. तालमी दुपारी व्हायच्या, त्या तिनं पाहिल्या होत्या. "तुमच्या सगळ्यांच्या केसांत घुगरी-टोपली होती. ती लग्न झालेली बाई घालते. मी म्हणलं, आठही जणींचं लग्न एकाच मांडवात लागलं की काय!" ती हसत होती. मीही हसले, पण घरी येऊन मोबाईलमधला तो फोटो पुसला. नंतर वाटलं, उगीच पुसला. तो एक पुरावा होता.

त्या वर्षी मी सांस्कृतिक प्रतिनिधी झाले होते. झाले म्हणजे नेमले गेले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे, पण आमच्या कॉलेजात मतपेटी कुणी पाहिलेली नाही. मार्क बरे, घर गावातच, अक्षर चांगलं, एवढ्या भांडवलावर सरांनी माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, लिहिलंच आहे तर काहीतरी करू.

कल्पना अशी होती, की एक दिवस घरच्या बोलींचा करायचा. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची घरची भाषा वेगळी. तांड्यावरची पोरं गोरमाटी बोलतात, हद्दीजवळच्या गावांतली तेलुगू, मोहल्ल्यातली दखनी, दोघं-तिघं गोंडी. कॉलेजच्या फाटकातून आत आलं की सगळे मराठी. यात काही जगावेगळं नाही, मराठवाड्याचा पिंडच असा आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबादेत होतो. प्रजा मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी आणि कारभार उर्दूत. आमच्या शेताचे जुने कागद अजून उर्दूतच आहेत. ते वाचून घ्यायला वडील मोहल्ल्यातल्या एका निवृत्त मास्तरांकडं जातात, जाताना गूळ नेतात. १९५६ मध्ये भाषेवरून राज्यांच्या हद्दी पडल्या, पण आज्या-मावश्या होत्या तिथंच राहिल्या.

तर २१ फेब्रुवारी, जागतिक मातृभाषा दिन, असा मुहूर्त धरून मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. सरांनी तो वाचला, "छान आहे" म्हणाले आणि खाली शेरा मारला: 'स्नेहसंमेलनात पंधरा मिनिटे द्यावीत.' म्हणजे पुन्हा सहाच्या पुढं. पुन्हा एसटी गेलेली. मी ते सांगितल्यावर सर म्हणाले, मग समितीसमोर ठेवा.

समितीच्या बैठकीत जे झालं त्याला जबाबदार मीच. चौदा वर्गप्रतिनिधी होते. एकीकडं डीजे, लाईट आणि साडी डे. दुसरीकडं माझा बोलींचा दिवस. चर्चा लांबायला लागली तेव्हा मीच म्हटलं, "सर, मतं घेऊ या." मला वाटलं, याहून न्याय्य काय असणार? हात वर झाले. अकरा विरुद्ध तीन. तिनातला एक माझाच. मी हरले आणि नियमानं हरले, म्हणून वाईटही वाटून घेतलं नाही.

मैत्रीण बाहेर व्हरांड्यात थांबली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "फी घेताना कुणी विचारलं का, तुमच्यातले कितीजण हायेत म्हणून? खर्चायच्या वक्ताला विचारायलेत. आमचे हात अकरा कधी व्हणार? पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्री जेवताना मात्र एकेक आठवायला लागलं. १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी आमच्या कॉलेजातली पोरं दरवर्षी छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर जातात, ती वर्गणी काढून. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती, तांड्यावर वर्गणी. ईद-ए-मिलादला मोहल्ल्यातली पोरं सरबत वाटतात, वर्गणी. मराठी भाषा गौरव दिनाला मात्र फलक, हार, पाहुणे, चहा आणि फाईलला बिलं. ज्यांचे हात जास्त त्यांचं फीतून होतं, ज्यांचे कमी ते वर्गणी काढतात. आणि वर्गणी काढणाऱ्यांनी फीसुद्धा भरलेली असते. म्हणजे त्यांचा दिवस त्यांना दुप्पट पडतो.

माझा मावसभाऊ नांदेडला एलएल.बी. करतो. त्याला फोन लावला. त्याला कुठलीही गोष्ट सांगा, तो एक खटला काढतो. त्याच्या लग्नाचं बोलणं चालू होतं तेव्हाही त्यानं एक काढला होता. या वेळी त्यानं काढलेला अमेरिकेतला होता, पण कामाचा निघाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या काही पोरांनी १९९६ मध्ये दावा लावला, की आमच्याकडून सक्तीनं घेतलेल्या फीतून आम्हाला न पटणाऱ्या विद्यार्थी संघटनांना पैसे का देता? १९९५-९६ ची ती फी होती वर्षाला ३३१.५० डॉलर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००० मध्ये न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की विद्यापीठाला अशी फी घेता येईल, पण वाटताना कुणाचं मत काय आहे ते बघायचं नाही. हे सांगून भाऊ थांबला. मग म्हणाला, "आता तुझ्या कामाचं ऐक. तिथं विद्यार्थ्यांचं मतदान घेऊन एखाद्या संघटनेला पैसे द्यायचे किंवा बंद करायचे, अशीही सोय होती. ती कोर्टाला खटकली. थोड्यांच्या मताला मान द्यायचा आणि तो बहुमताच्या मर्जीवर ठेवायचा, हे जमत नाही."

तिथला कायदा इथं लागू नाही, हे त्यानं दोनदा बजावलं. मी तो निकाल कुठं वापरलाही नाही. कॉलेजात अमेरिका काढली असती तर चहाच्या टपरीपर्यंत चेष्टा झाली असती. पण मी स्वतःच सुचवलेली हात वर करायची पद्धत का चुकली, ते कळलं. डीजे हवा की बँड हवा, हे मतानं ठरवा. कुणाची भाषा कार्यक्रमात असावी, हे मतानं ठरवायचं नसतं.

दुसरा अर्ज लिहिला. मागणी अशी, की स्नेहसंमेलन निधीचा चौथा हिस्सा बाजूला काढावा. कुठल्याही दहा विद्यार्थ्यांनी मिळून अर्ज केला तर त्यांना त्यातून द्यावं. त्यांच्यामागं वर्गात किती जण आहेत ते विचारू नये. कार्यक्रम दिवसा, शेवटच्या एसटीच्या आत व्हावा आणि हिशेब सूचना फलकावर लागावा. आमच्याकडं पोरं ९६०, म्हणजे ४८,००० रुपये, चौथा हिस्सा १२,०००.

कार्यालयात अधीक्षक मामांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "ताई, ४८,००० कागदावर. जमा झालेत ४१,३५०. बाकीच्यांची बाकी हाय." मग त्यांनी मला अर्धा तास 'हेड' समजावून सांगितलं. कुठला पैसा कुठल्या हेडला जमा होतो, कुठून कुठं वळवता येतो, कुठून अजिबात नाही. तीन वर्षांच्या अर्थशास्त्रात मला एवढं कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी एक तोडगाही काढला: पुढच्या वर्षीपासून वीस रुपयांचं नवं हेड लावू, 'सांस्कृतिक विविधता शुल्क'. म्हणजे तुमचं तुम्हाला वेगळं.

मला ते पटेना, आणि का ते मांडायला दोन दिवस लागले. विद्यापीठाच्या परिपत्रकात नसलेलं हेड कॉलेजला मनानं लावता येत नाही, म्हणून तो तोडगा मामांनी स्वतःच संध्याकाळी मागं घेतला. पण समजा लावता आलं असतं, तरी नको होतं. फी वीस रुपयांनी वाढली की खिडकीवर पहिला प्रश्न येणार, कुणामुळं वाढली? उत्तर ठरलेलं: तांड्यावाल्यांमुळं, मोहल्ल्यावाल्यांमुळं. शिवाय ते वीस रुपये जिला जड जाणार ती रांगेत माझ्या पुढं उभी असते. आधीच भरलेल्या पन्नासात सगळे आहेत. वेगळी ओळ काढली, की त्या पन्नासातून ते बाहेर पडले.

विरोध करणाऱ्यांत एक पोरगा होता, त्याचं बोलणं अजून डोक्यात आहे. तो पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो, कॉलेजात जेमतेम हजेरीपुरता येतो. म्हणाला, "मला तुमचा डीजेपण नको आन् बोलीपण नको. माझे पन्नास वापस द्या." मी ग्रंथालयाचा दाखला दिला: न वाचणाराही फी भरतोच की. तो म्हणाला, "पुस्तक मला लागलं तर मी मागू शकतो. तुमचा नाच मी घरी नेऊ का?" त्याला पटेल असं मला काही सांगता आलं नाही. एवढंच मनाशी ठरवलं, की जे करू ते फीत एक रुपयाही न वाढवता, आणि हिशेब त्याला दिसेल अशा जागी लावू.

समान संधी कक्षाकडंही गेले होते. पाटी आहे, कुलूप आहे. पुढं काही नाही.

गाडी सुटली ती भलत्याच धक्क्यानं. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे सर स्टाफरूममध्ये माझा अर्ज सहज वाचत होते. एकदम म्हणाले, "अरे, हे तर सातव्या निकषात बसतंय!" कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक विविधतेसाठी कॉलेजनं काय केलं, असं विचारतात आणि त्या रकान्यात आमच्याकडं दाखवायला फारसं काही नव्हतं. "फोटो जिओटॅग करून घ्यायचे. अहवाल तू लिही. बाकी मी बघतो." जे न्यायाच्या नावानं तीन महिने हललं नाही ते रकान्याच्या नावानं आठ दिवसांत हललं. मला याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी फोटो काढणाऱ्या पोराला त्याच दिवशी ॲप डाऊनलोड करायला लावलं.

डिसेंबरात महाविद्यालय विकास समितीची बैठक झाली. कायद्यानुसार या समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असायला हवेत. आमच्याकडं परिषदच नाही, त्यामुळं त्या खुर्च्या रिकाम्या. मला 'निमंत्रित' म्हणून दहा मिनिटं आत बोलावलं. एका सदस्यांनी विचारलं, "यात धार्मिक काही नाही ना?" मी विचारलं, जात्यावरच्या ओवीतून विठ्ठल कसा काढायचा? दखनीतही जात्यावरची गाणी आहेत, चक्कीनामा म्हणतात. सुफींच्या काळापासून बाया ती म्हणत आल्या, त्यात अल्लाचं नाव येतं. तांड्यावरच्या गाण्यात सेवालाल येणार. देव काढला तर मागं नुसतं पीठ उरेल. कुणीतरी हसलं आणि तेवढ्यानं बाजू पलटली. नारळ फोडून, सरस्वतीच्या फोटोला हार घालून गॅदरिंग सुरू होतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं. दहा हजार मंजूर झाले.

मग तारीख. २१ फेब्रुवारी २०२५ चालणार नव्हतं, कारण ११ तारखेपासून बारावीची परीक्षा, आमचं कॉलेज केंद्र, आवारात भोंगा बंद. मैत्रिणीनं मंगळवार, ४ फेब्रुवारी सुचवला. त्या दिवशी आठवडी बाजार असतो. "बाजारला आज्या येतातच. वेगळं आणायला नको," ती म्हणाली. एवढ्या बैठका झाल्या, त्यांत सगळ्यात शहाणपणाचं वाक्य हेच.

कार्यक्रमाचं फार वर्णन करत नाही. अहवालात केलंय, जिओटॅगसकट. अकरा ते साडेतीन चालला. एक तेलुगू अम्मम्मा माईक हातात आल्यावर आधी समोरच्या पोरांना "तिन्नावा? जेवलास का?" असं विचारत सुटली, ती पाच मिनिटं थांबेचना. तांड्यावरची याडी (गोरमाटीत याडी म्हणजे आई) ही मैत्रिणीची आजी. ती गाणं म्हणणार होती, पण व्यासपीठावर खुर्चीत बसायला तयार नव्हती. खाली बसली, मग बाकीच्या चौघीही खाली बसल्या आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. दखनी बोलणाऱ्या नानीनं चक्कीचं गाणं म्हटलं. त्यावर माझ्या आजीनं, तिला कुणी बोलावलं नव्हतं, मागच्या रांगेतून ओवी लावली. चाल जवळजवळ एकच निघाली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. माझी आजी त्या नानीला तीस वर्षं ओळखते, बाजारात दोघी शेजारी बसून मेथी विकायच्या. गाणं म्हणताना मात्र कधी ऐकलं नव्हतं. याडीनं जाताना माझी हनुवटी धरून नातीला काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "ती विचारायली, घुगरी घालून नाचणारी ती हीच का म्हणून."

गर्दी किती होती? हॉल भरला नव्हता. डीजेला जेवढे होते त्याच्या निम्मेही नसतील. पण साडेपाचच्या एसटीनं जाणाऱ्या पोरी सगळ्या होत्या. पंपावरचा पोरगा दारात दहा मिनिटं उभा दिसला, नाश्ता घेऊन गेला.

खरी परीक्षा त्यानंतर. माईक १,५००, चहा-नाश्ता ३,८००, आज्या-आजोबांना आणायला-पोचवायला टमटम १,२४०, पाच जणांना पाचशेप्रमाणे मानधन २,५००, फलक आणि कागद ६००. एकूण ९,६४०. उरलेले ३६० परत भरायला गेले तर खिडकीवरच्या दादांना पावती कुठल्या हेडला फाडावी तेच कळेना; पैसे परत यायचा प्रसंग आधी आला नव्हता. नाश्त्याला जीएसटीचं बिल हवं होतं आणि भाकरी-ठेचा बचत गटाच्या बायांनी केलेला. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेलं. ते अधीक्षक मामांनी कसंबसं चालवून घेतलं. याडीच्या मानधनाच्या पावतीवर अंगठा होता, त्याला दोन साक्षीदार लागले. टमटमचे १,२४० मात्र अडकले. टमटमवाल्या काकांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून सही केली होती. गाडी नंबर नाही, तारीख नाही. लेखापरीक्षणात आक्षेप येईल म्हणून बिल परत. ते पैसे मी माझे घातले होते.

हिशेब मात्र सूचना फलकावर लागला. तीन दिवस होता. मग त्यावर परीक्षेची बैठक व्यवस्था चिकटवली गेली.

जून २०२५ मध्ये टी.सी. काढायला गेले तेव्हा सहज इतिवृत्त बघायला मागितलं. मला बघायचं होतं ते चौथ्या हिश्शाचं वाक्य. ते नव्हतं. लिहिलं होतं: 'विद्यार्थिनीच्या विनंतीवरून एक वेळची बाब म्हणून रु. १०,००० मंजूर.' नियम झालाच नव्हता. कृपा झाली होती. मामा म्हणाले, "ताई, इतिवृत्त सही होऊन कायम झालंय. आता पुढच्याला नव्यानं अर्ज करावा लागल."

पुढची म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक पोरगी, घरी दखनी बोलते, कार्यक्रमात निवेदन तिनंच केलं होतं. तिला माझी सगळी फाईल दिली. दोन्ही अर्ज, हिशेब, अहवाल आणि फीची ती जुनी पावती. तिनं पावती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ये कैकू?" मी म्हटलं, अर्जाला पहिलं जोडपत्र हेच लाव, पन्नासच्या ओळीवर खूण करून. आणि बैठकीत हात वर करायला कुणी सांगितलं तर नक्को म्हण. तिथंच सगळ्यांसमोर इतिवृत्त लिहून मागायचं, त्यात 'दरवर्षी' हा शब्द आहे का बघायचं, मगच उठायचं. आणि टमटमच्या पावतीवर गाडीचा नंबर आधी लिहून घे.